रेंज आहे, संवाद आहे का?

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावातून बारावी विज्ञान झालेल्या मुलीला संदेशवहनाचे शिक्षण घ्यायचे असेल, तर तिच्यापुढे दोन दारे असतात आणि ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. एक अभियांत्रिकीचे. सीईटी द्यायची, प्रवेशफेऱ्या पार करायच्या आणि ‘ईएनटीसी’ला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेला, जायचे. तिथे मॉड्युलेशन, अँटेना, मायक्रोवेव्ह, मोबाइल नेटवर्क शिकवतात. दुसरे दार जनसंवादाचे, तिथे बातमी, निवेदन, पटकथा आणि संकलन. लहर कशी पोहोचते हे एकीकडे कळते, ऐकणाऱ्याचे पुढे काय होते हे दुसरीकडे. या दोन्ही विद्या निदान काही अंतर एकत्र शिकवल्या पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. त्या एकत्र न शिकवण्याची किंमत शहरापेक्षा खेड्याला जास्त मोजावी लागते.

ही फाळणी अज्ञानातून झालेली नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला, तेव्हा संदेशाचा अर्थ त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला. पाठवलेली चिन्हे गोंगाटातून बिनचूक पलीकडे कशी उमटतील, एवढाच अभियंत्याचा प्रश्न त्यांनी मानला. आजचा मोबाइल आणि डिजिटल प्रक्षेपण याच मांडणीवर उभे आहेत. चूक शॅनन यांची नाही. एका गणितासाठी आखलेली मर्यादा अभ्यासक्रमांनी सगळ्या विषयाची वेस मानली, चूक तिथे झाली.

ही वेस ओलांडली की काय साधते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रवण मंडळांचा प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरूनच मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांत शेतीविषयक माहिती ठळकपणे वाढली होती. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे वाढ फारच थोडी होती. प्रक्षेपण तेच होते, फरक होता उलट येणाऱ्या वाटेचा. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रयोगाने एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. त्याही वेळी इस्रोच्या अभियंत्यांबरोबर समाजशास्त्रज्ञ गावोगावी काम करत होते. जाळीची तबकडी उभारणे आणि कार्यक्रम कोणाला कितपत कळला हे तपासणे, ही एकाच कामाची दोन अंगे मानली गेली.

या अंगांची ताटातूट झाली की काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या कापूस हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्याला कारणे अनेक होती आणि सगळा दोष संदेशवहनावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण तेव्हा खेड्यांत मोबाइल होते, जिल्ह्यात आकाशवाणीचे केंद्र होते, औषधाच्या डब्यावर धोक्याच्या सूचनाही होत्या. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला वाचता येईल, पटेल आणि वावरात पाळता येईल अशा रूपात ती सूचना त्याच्यापर्यंत जात होती का, हा प्रश्न ईएनटीसीच्या परीक्षेत येत नाही. जनसंवादाच्या परीक्षेत तो आला तरी सूचना पोहोचवण्याचे यंत्र विद्यार्थ्याच्या हातात नसते.

यावर पहिला आक्षेप असा की चार वर्षांत फूरिये रूपांतरच धड होत नाही, त्यात समाजशास्त्र कुठे कोंबणार? खोली कमी करा, असे मी म्हणत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तर करावाच लागतो, तो दोन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावा, एवढीच मागणी आहे. दुसरा आक्षेप नोकरीचा आहे आणि कर्ज काढून शिकवणाऱ्या घराचा तो प्रश्न खराच आहे. मात्र वापरणाऱ्याला काय अडते हे समजणारा अभियंता आणि यंत्रणा समजणारा निर्माता कोणत्याही कंपनीला जडच वाटेल, असे मानायला आधार नाही. तिसरा आक्षेप भाषेचा. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला एआयसीटीईची मान्यता आहे. पण पाठ्यपुस्तक मराठीत आणणे ही सुरुवात झाली. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलून त्याची अडचण टिपता येणे, हेही तांत्रिक कौशल्यच आहे.

म्हणून प्रकल्प साधा असावा. बोरी अरबच्या शिवारात सिग्नल कुठे क्षीण होतो, हे ईएनटीसीच्या विद्यार्थ्यांनी मोजावे. हवामानाचा इशारा कोणाला मिळाला, कळला आणि त्यावरून कोणी फवारणी पुढे ढकलली, हे जनसंवादाच्या विद्यार्थ्यांनी विचारावे. दोन्ही नोंदी एकाच नकाशावर आल्या, की रेंज भरपूर असूनही संदेश न पोहोचलेली घरे दिसतील. ती घरे दोन्ही शाखांनी मिळून शोधायची आहेत, कारण एकट्या शाखेला ती दिसत नाहीत.