नावेखालच्या पाट्यांवर काय घालावे?



आपल्या देणग्यांतून मोर्शी तालुक्यातील एका आदिवासी मासेमार गटाला फायबरची नाव घेता आली. त्या नावेची खुशाली आपल्यापैकी अनेकांनी विचारली. नाव आज पाण्यात आहे आणि चांगली चालते. पण मध्यंतरी तिचा तळ झिजून आत पाणी येऊ लागले होते. त्यात गटाचा दोष नव्हता, चूक माझी होती. ती आपल्यापासून लपवू नये, आणि दुसऱ्या ठिकाणी कुणाकडून ती पुन्हा होऊ नये, म्हणून हा लेख.

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. पावसाळ्यात पाणी चढले की धरणाचे तेरा दरवाजे पाहायला लोकांची गर्दी होते. मासेमाराला मात्र उन्हाळा जास्त आठवतो. पाणी महिन्यागणिक मागे सरकते आणि मध्ये चिखल, मुरूम व दगडांचा उघडा काठ पडतो. नाव तिथे ओढत नेली तर तळ फाटतो. म्हणून ती दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर ठेवून पाण्यापर्यंत न्यावी लागते. या गाड्यावर दोन लांब लाकडी पाट्या असतात. नावेचा सगळा भार त्यांच्यावर येतो. उघड्या लाकडाने तळ खरवडतो, म्हणून पाट्यांवर काहीतरी आच्छादन घालतात.

हे आच्छादन मी निवडले. एका मंडळीने उपासनामंदिरातला जुना गालिचा प्रेमाने दिला होता. तो जाड होता, मऊ होता आणि फुकट होता. मी तो पाट्यांवर पसरला आणि वरून लोखंडी खिळे ठोकले. त्याची पाठ तागाची आहे, हे मी पाहिलेच नाही. दोन महिन्यांत तो पाणी पिऊन कुजला. त्यात रेती अडकून त्याचा पॉलिश पेपर झाला. वीण बसली तशी खिळ्यांची डोकी वर आली.

एके सकाळी गटातले वयस्क काका आणि त्यांचा पुतण्या जाळी काढायला गेले. बऱ्याच आत गेल्यावर नावेत घोट्याएवढे पाणी झाले. पुतण्या डब्याने पाणी उपसत राहिला, काकांनी वल्ही मारली, आणि देवाच्या कृपेने दोघे काठाला लागले. मी धावत गेलो, तेव्हा काका न चिडता म्हणाले, “सर, डोंगा पान्यात नाई झिजला. तुमच्या गाड्यावर झिजला.”

नाव उलटी करून पाहिली. तळावर पाट्यांच्या जागी दोन लांब पट्टे उमटले होते. फायबरच्या नावेला बाहेरून जेलकोट नावाचा गुळगुळीत थर असतो. तो गेला की आतले काचेचे तंतू उघडे पडतात आणि पाणी त्यांच्या वाटेने आत मुरते. त्यानंतर आम्ही एकेक वस्तू हातात घेऊन विचार केला.

पोते किंवा तागाचा गालिचा : सहज मिळतो, पण पाणी धरतो, कुजतो आणि रेती सोडत नाही. नावेखाली तो नकोच.

टायर-ट्यूबचे रबर : कुजत नाही, पण नावेला धरून ठेवते. नाव सरकत नाही आणि ढकलणाऱ्यांच्या कमरा जातात. तळाला काळे डागही पडतात. नाव नुसती टेकवून ठेवायची असेल तर रबर ठीक आहे. रोज चढवायची-उतरवायची असेल तर नाही.

पॉलिप्रॉपिलीनचा कृत्रिम गालिचा : हा धागा पाणी पीत नाही आणि कुजत नाही. तळाला मऊ असतो आणि ओला झाला की नाव बऱ्यापैकी सरकते. मात्र त्याला रबराची किंवा फोमची पाठ नसावी. पाठ असली की पाणी आत अडकते. रेती यातही बसते, म्हणून तो वरचेवर धुवावा आणि विरला की बदलावा. पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नावेखाली मात्र विचार करून वापरावा, कारण ओल धातूला लागून राहिली तर धातू खातो.

एचडीपीई प्लास्टिक : आपल्या भागात स्प्रिंक्लरचे काळे पाइप असतात, तेच हे प्लास्टिक. ते पाणी धरत नाही, रेती एका बादलीने धुऊन जाते आणि नाव थोड्या जोरात सरकते. काळ्या रंगामुळे ते उन्हातही टिकते.

आमच्या गाड्याला दोर गुंडाळायचे यंत्र नाही. नाव माणसेच ढकलतात, त्यात बायाही असतात. म्हणून गटाने पाइप निवडला. एका शेतकरी बांधवाने शेतातला जुना पाइप दिला. तो उभा चिरून, ताणून पाट्यांवर पालथा बसवला. पाटीला तो दोन्ही बाजूंनी घट्ट धरतो. पाट्यांच्या कडा आधी घासून गोल केल्या.

बसवताना तीन गोष्टी पाळल्या. पहिली, स्क्रू पाटीच्या बाजूंनीच मारले, वरून एकही नाही. आणि स्क्रू न गंजणाऱ्या स्टीलचे घेतले. दुसरी, मधला एकच स्क्रू घट्ट आवळला. बाकीच्यांची भोके लांबट ठेवली आणि स्क्रू किंचित सैल सोडले. हे प्लास्टिक उन्हाने वाढते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अडीच मीटरच्या तुकड्यात सेंटिमीटरभर फरक सहज पडतो. त्याला जागा दिली नाही तर पट्टी फुगून उचलते. तिसरी, पाटीची खालची बाजू उघडी ठेवली, म्हणजे लाकूड वाळते.

या प्लास्टिकचा एक धोकाही आहे. ते इतके निसरडे की उतारावर नाव आपोआप सुटू शकते. काकांनी पहिल्याच दिवशी नियम घातला : “मागचा भाग पान्यात टेकल्याबिगर दोर सोडाचा नाई.” तो सगळे पाळतात.

तळाची डागडुजी करण्याआधी नाव पूर्ण वाळू दिली. ओल आत राहिली असती तर वरचा नवा थर धरला नसता. मग काचेची मॅट आणि रेझिन लावून वर जेलकोट दिला. तेव्हापासून दर आठवड्याला पुतण्या पाट्यांवरून हात फिरवून पाहतो. हाताला काही टोचले तर ते नावेलाही टोचणार, एवढी साधी परीक्षा.

बंधुभगिनींनो, गालिचा देणाऱ्या मंडळीचा यात काही दोष नाही. त्यांनी प्रेमाने दिले. मी न विचारता वापरले. ज्या काकांचे आयुष्य पाण्यावर गेले, त्यांना मी खिळे ठोकण्यापूर्वी एक शब्दही विचारला नव्हता. आता कोणतीही वस्तू येण्याआधी आम्ही ती वापरणाऱ्यांना दाखवतो. आपणही वस्तू देऊ इच्छित असाल तर पाठवण्यापूर्वी एकदा कळवा. काय लागते ते गटाला विचारून सांगू. सध्या त्यांना न गंजणारे स्क्रू आणि एक मजबूत दोर हवा आहे.

आपल्या प्रार्थनेत त्या काकांची आणि पुतण्याची आठवण असू द्या. ते रोज पहाटे पाण्यावर असतात.