आरोग्याची सूत्रे गावाच्या हाती

आरोग्य केंद्र म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर उभे राहतात. केंद्राचे प्रमुख तेच, म्हणून नेतृत्वही त्यांचेच, असे आपल्याला वाटते. पण एकटा डॉक्टर अनेक गावांचे आरोग्य सांभाळू शकेल का? जामखेडची हकिकत वाचली, की या प्रश्नाचे उत्तर मिळते.

जामखेड हा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे 175 बालके वर्षाच्या आत दगावत. जुलाब, धनुर्वात, कुपोषण यांमुळे होणारे हे मृत्यू टाळता येण्यासारखे होते. पण दवाखाना दूर असे आणि तेथे पोहोचेपर्यंत उशीर होई.

प्रथम गावोगावी परिचारिका पाठवल्या. परंतु बाहेरून आलेल्या मुलींचे म्हणणे गावकरी ऐकत नसत. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, असे ठरले. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. काही दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात सांगत.

आता कामे वाटली गेली. गावातील आरोग्य कार्यकर्ती गरोदर स्त्रियांची काळजी घेई, बाळंतपण स्वच्छतेने करी आणि जुलाब झालेल्या मुलाला लगेच मीठ-साखरेचे पाणी पाजायला सांगे. शेतकरी मंडळे व महिला मंडळे पाणी, स्वच्छता आणि मुलांचा आहार यांकडे लक्ष देत. परिचारिकांचे फिरते पथक गावांना भेटी देई. डॉक्टर कठीण रुग्णांवर उपचार करीत. शिवाय ते सर्वांचे शिक्षकही झाले.

निरक्षर स्त्रियांच्या हाती आरोग्य सोपवणे धोक्याचे नाही का, अशी शंका तुमच्या मनात येईल. परंतु कोणता आजार आपल्या हाताबाहेरचा आहे, हे ओळखून रुग्णाला वेळेवर दवाखान्यात पाठवणे, हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता.

या कामाचे फळ दिसून आले. 1990 नंतरच्या दशकात तेथील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी 30 च्या खाली आले. आरोळे दांपत्याला 1979 साली सामुदायिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 साली भारत सरकारने ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले. त्यातील 'आशा' कार्यकर्तीही त्याच गावची रहिवासी असते.

नेतृत्व म्हणजे केवळ हुकूम देणे नव्हे. आपल्याजवळचे ज्ञान दुसऱ्याला देऊन त्याला समर्थ करणे, हेही नेतृत्वच आहे. जामखेडच्या डॉक्टरांनी ते केले, म्हणूनच गावातील साध्या स्त्रिया गावाच्या पुढारी होऊ शकल्या.