पटकीच्या जंतूचे पाठभेद

जुन्या पोथीची नक्कल करताना लेखकाच्या हातून एखादे अक्षर बदलते आणि त्या नकलेवरून पुढे जितक्या नकला होतात तितक्यांत ती चूक उतरत जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पंडितांनी महाभारताच्या पोथ्यांची कुळे लावली ती अशा पाठभेदांच्या आधारे. पटकीच्या जंतूचा डीएनए म्हणजे सुमारे ४० लाख अक्षरांची पोथी. जंतू दुभंगताना तिची नक्कल होते, आणि क्वचित एखादे अक्षर चुकते.

ही पोथी वाचणे पूर्वी वर्षानुवर्षांचे काम होते. आता डीएनएचे बारीक तुकडे करून असे कोट्यवधी तुकडे काचपट्टीवर चिकटवतात, प्रत्येकाची जोडसाखळी एकेका अक्षराने वाढवतात. अक्षर बसले की त्याचा रंग चमकतो, छायाचित्र निघते, रंग धुऊन पुढचे अक्षर सोडले जाते. शेवटी एका तुकड्याचे शेपूट दुसऱ्याच्या मुखाशी जुळवीत संगणक सबंध पोथी उभी करतो.

जानेवारी २०१० च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या हैतीत, जिथे शतकभरात पटकीची नोंद नव्हती, ऑक्टोबरात आर्टिबोनाइट नदीचे पाणी पिणारी माणसे पटापट मरू लागली, तेव्हा लोकांनी बोट दाखवले ते वरच्या अंगाला, मेये ओढ्याकाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या नेपाळी शांतिसैनिकांच्या छावणीकडे. राष्ट्रसंघाने आरोप नाकारला. पुढल्या वर्षी नेपाळातल्या २४ रुग्णांचे जंतू वाचले गेले, आणि त्यांतील तीन व हैतीतील तीन यांच्यात चाळीस लाखांपैकी अवघ्या एक-दोन अक्षरांचा फरक निघाला.

एवढ्यावरून कोणा सैनिकाला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. अक्षरे जंतूचे कूळ सांगतात. मैला ओढ्यात कसा गेला, हे सांगत नाहीत. ती साक्ष रनो पियारू या फ्रेंच वैद्याने गावोगावच्या रुग्णांच्या तारखा नदीच्या नकाशाशी ताडून मिळवली, आणि दोन्ही पुरावे एकत्र आले तेव्हाच हैतीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे कागदोपत्री शाबीत झाले.

डिसेंबर २०१६ मध्ये, मृतांचा आकडा ९,००० च्या वर गेल्यावर, महासचिव बान की-मून यांनी आमसभेत हैतीच्या जनतेची माफी मागितली. साथीला आवर घालण्यात आपण कमी पडलो, असे ते म्हणाले. ती आपल्या छावणीतून आली, हे वाक्य त्या माफीत नव्हते.