गाणे तेच, जागा वेगळी

गुणी माणसाला लोक ओळखतात, की तो उभा असतो त्या जागेला? आम्हा शिक्षकांना हा प्रश्न वर्गात नेहमीच पडतो.

अमेरिकेतील एक हकीकत सांगतो. १२ जानेवारी २००७ च्या सकाळी वॉशिंग्टनमधील एका भुयारी रेल्वे स्थानकात डोक्याला टोपी घातलेला एक मनुष्य व्हायोलिन वाजवीत उभा राहिला. कामाची घाईची वेळ. ४३ मिनिटांत १,०९७ माणसे त्याच्यासमोरून गेली. थांबली फक्त सात. वादक होता जगप्रसिद्ध जोशुआ बेल आणि हातातील वाद्य १७१३ सालचे स्ट्राडिव्हरी! तीनच दिवसांपूर्वी बॉस्टनच्या भव्य सभागृहात त्याला ऐकण्यासाठी लोकांनी शंभर-शंभर डॉलर मोजले होते. येथे समोरच्या पेटीत जेमतेम ३२ डॉलर पडले. हा प्रयोग एका वृत्तपत्रानेच योजला होता.

त्या लोकांना अरसिक म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. ज्याला आठच्या ठोक्याला कचेरी गाठायची आहे, त्याचे कान बंदच असतात. सभागृहात तिकीट, दिवे आणि शांतता आपल्याला आधीच सांगून ठेवतात, की आता ऐका. स्थानकात ते कोण सांगणार? मुले मात्र थांबू पाहत होती. प्रत्येक वेळी आईबापांनी त्यांना ओढून नेले.

आपल्या मॉरिशसमध्ये याच्या उलट घडले. ती फ्रेर, म्हणजे जां आल्फोंस रावातों, यांचा जन्म १९०० सालचा. बकरीच्या कातड्याच्या रावानवर ते सेगा गात. त्या काळी प्रतिष्ठित घरांत सेगाचे नाव काढले तरी नाके मुरडत. पुढे १९६४ साली ल मोर्न येथे सेगाची रात्र साजरी झाली आणि ती फ्रेर सेगाचे राजे ठरले. वय चौसष्ट! त्या रात्री त्यांच्या गळ्यात काही नवे शिरले नव्हते. बदलली होती ती जागा आणि ऐकायला जमलेली माणसे. २०१४ साली युनेस्कोने सेगाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले, पण ते पाहायला ती फ्रेर नव्हते. १९९२ सालीच ते गेले.

आपली झाकरी तरी आपण कोठे ऐकतो? गणेशचतुर्थीला मंडपात माना डोलावतो. एरवी शेजारच्या आजोबांनी अंगणात तीच चाल धरली, तर खिडकी लावून घेतो.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. फ्रेंच शुद्धलेखनाच्या तासाला ती खाली मान घालून बसते. गावात झाकरी सुरू झाली, की हीच मुलगी पुढे होऊन ठेका धरते आणि मोठ्या बायका तिच्यामागे गातात. गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही. शेऱ्याच्या जागी मी ते लिहितो. गेल्या वेळी तिच्या वडिलांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "गुरुजी, पण याचे मार्क किती?"