ओठ शिवायला तास-दोन तास, पण तिथवर पोहोचायला?

आज सुरुवातीलाच एक प्रयोग. ओठ अजिबात न मिटता 'बाबा' म्हणून बघा. नाही ना जमत? 'मामा', 'पाणी' यांचंही तेच. बरं, नुसते ओठ मिटूनही 'बाबा' होत नाही. तोंडात हवा कोंडावी लागते, आणि ती नाकातून निसटू नये म्हणून टाळू लागतो. आजचा विषय हाच, दुभंगलेले ओठ आणि टाळू.

जगात साधारण 700 बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. गर्भात चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठाच्या बाजू जोडल्या जातात आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत टाळू. हे जुळणं अर्धवट राहिलं की फट उरते. कारण बरेचदा एकच नसतं. पण एक नक्की, ग्रहणात आईने विळी धरली म्हणून हे होत नाही. ओठ तयार होतात तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं! तरी दोष तिच्याच माथी मारला जातो.

आता दुर्गम पाड्यावरचं घर डोळ्यांपुढे आणा. टाळूला फट असली की बाळाला दूध ओढताच येत नाही. ते दमतं, दूध नाकातून येतं. म्हणजे दिसण्याचा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न पोटाचा. वजन वाढलं नाही तर भूल देणं धोक्याचं, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. आणि इथेच साधी गोष्ट कामी येते: आईचं दूध काढून, बाळाला उभं धरून, चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं पाजायचं.

ओठाचं ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांच्या वयात होतं, टाळूचं 9 ते 18 महिन्यांत. टाळूची घाई का? कारण त्याच सुमारास मूल बोलू लागतं. उशीर झाला तर हवा नाकातून सोडत बोलायची सवय जडते. मग टाळू शिवला तरी वाणी आपोआप सुधारत नाही, स्पीच थेरपी लागते. कानाचंही तसंच. टाळूचे स्नायू नीट काम करत नसले की कानात पाणी साठतं, ऐकू कमी येतं. वर्गात 'मठ्ठ' ठरलेलं पोर कदाचित नीट ऐकतच नसतं.

'स्माइल पिंकी' हा माहितीपट आठवतोय? उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातली पिंकी सोनकर दुभंगलेल्या ओठामुळे एकटी पडली होती. वाराणसीत डॉ. सुबोध कुमार सिंह यांनी तिच्यावर मोफत शस्त्रक्रिया केली. 2009 मध्ये त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि 2013 मध्ये विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याचा टॉस पिंकीने केला. भारी ना? पण मला त्यातला सामाजिक कार्यकर्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. गावोगाव फिरून तो अशी मुलं शोधतो आणि घरच्यांना समजावतो. तो पोहोचला नसता, तर डॉक्टर काय करणार होते?

आपल्याकडे हेच काम 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होतं. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत पथकं मुलं तपासतात, दुभंगलेले ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहेत आणि उपचार मोफत. पण पाड्यावरून जिल्ह्याला जायचं म्हणजे बुडालेली मजुरी, गाडीभाडं, घरी ठेवलेली बाकीची पोरं. टाळूसाठी दुसरी खेप आणि थेरपीसाठी पुन्हा पुन्हा. बरेच जण ओठ शिवला, चेहरा बरा दिसला की थांबतात. बोलणं मात्र मागे राहतं.

म्हणून तुमच्या ओळखीत असं बाळ असेल, तर फोटो फॉरवर्ड करू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना कळवा. ओठाचं झालं असेल तर एवढंच विचारा, "टाळूची तारीख कधीची?"

त्या एका प्रश्नावर कुणाचं तरी स्पष्ट 'बाबा' अवलंबून असू शकतं. भेटू पुढच्या भागात!