लाल भिंत, गुलाबी खोली: भीती रंगाची, दोष दिव्याचा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचं ठरलं, की शेडकार्ड उलटता उलटता घरातलं कुणीतरी डाळिंबीवर किंवा गुलबक्षीवर बोट ठेवतं आणि चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात. झोप लागायची नाही, खोली बारकी दिसेल, गुलाबी काय मुलीची खोली आहे का, वर्षभरात विटेल. शेवटी हस्तिदंतीवर तडजोड होते. हस्तिदंती रंगात वाईट काही नाही, पण तो बहुतेकदा चुकीच्या कारणांसाठी निवडला जातो. सगळे छटेला नावं ठेवतात. बेडरूममध्ये खरा फरक पाडतात त्या छटेचा गडदपणा, खोलीतला दिवा आणि डब्यातलं रंगद्रव्य.

गैरसमज : लाल भिंतींच्या खोलीत झोप लागत नाही.

वस्तुस्थिती : झोपेवर परिणाम होतो तो डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाचा. दिवा मालवला की भिंत लाल आहे की पांढरी, याने काहीच फरक पडत नाही. डोळ्याच्या पडद्यात मेलानॉप्सिन हे द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात. या पेशी सर्वाधिक प्रतिसाद देतात तो साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला. लाल प्रकाशाची त्या फारशी दखल घेत नाहीत. खोलीत रात्री साडेदहाला ६५०० केल्व्हिनची पांढरीफेक ट्यूब लखलखत असेल आणि हातात मोबाइल असेल, तर भिंती हस्तिदंती असूनही झोप लांबणारच. गडद लाल भिंत उलट त्या प्रकाशातला निळा भाग बराचसा शोषून घेते.

आणखी एक गंमत आहे. मंद उजेडात सगळे रंग सारखे फिके पडत नाहीत. लाल सर्वांत आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा त्यामानाने उजळ राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे टिपलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. त्यामुळे दुपारी लालभडक दिसणारी भिंत रात्रीच्या झिरोच्या दिव्यात काळपट तपकिरी होते. ती डोळ्यांत खुपण्याऐवजी खोली उदास वाटण्याचीच शक्यता जास्त.

तरीही दिवसा लाल अंगावर येईल असं वाटत असेल, तर तो पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला द्यावा. पडल्यावर ती भिंत दिसतच नाही. नजरेसमोर येतात ते छत आणि पायाकडची भिंत. मात्र मॅट गडद लालवर उशी-गादी घासून चकाकणारे ओरखडे उठतात आणि केसांच्या तेलाचे डागही दिसतात. तिथे धुता येणारं, किंचित तकाकी असलेलं इमल्शन बरं.

गैरसमज : गुलाबी रंगाने मन शांत होतं, राग जातो.

वस्तुस्थिती : या समजाला बळ मिळालं ते अमेरिकेतल्या एका प्रयोगातून. १९७९ मध्ये अलेक्झांडर शॉस यांच्या सांगण्यावरून सिएटलच्या नौदल तुरुंगातली एक कोठडी भडक गुलाबी रंगवण्यात आली. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून त्या छटेला ‘बेकर-मिलर पिंक’ म्हणू लागले. कैदी काही मिनिटांत निवळतात, असा दावा झाला आणि इतर तुरुंगांनीही तोच कित्ता गिरवला. पुढे काटेकोर चाचण्यांमध्ये हा परिणाम टिकला नाही. स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात गुलाबी आणि पांढऱ्या कोठड्यांमधल्या कैद्यांची तुलना झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आक्रमकपणात फरक आढळला नाही. गुलाबी आवडतो म्हणून जरूर लावा. नवरा-बायकोची भांडणं मिटवायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

गैरसमज : गुलाबी म्हणजे मुलींची खोली.

वस्तुस्थिती : १९१८ मध्ये अमेरिकेतल्या कपडेव्यापाऱ्यांच्या एका नियतकालिकाने नेमका उलटा सल्ला दिला होता: गुलाबी ठळक, म्हणून मुलांना, निळा नाजूक, म्हणून मुलींना. आजची विभागणी विसाव्या शतकात बाजाराने पक्की केली. आपल्याकडे लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरवणाऱ्या पुरुषांना कुणी हटकत नाही, आणि १८७६ मध्ये सवाई रामसिंह यांनी प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी अख्खं जयपूर गुलाबी रंगवलं, ते राजेशाही थाट दाखवायलाच.

गैरसमज : शेडकार्डवर दिसतो तोच रंग भिंतीवर येतो.

वस्तुस्थिती : सर्वाधिक पस्तावा होतो तो इथे. शेडकार्डवरचा बोटभर तुकडा एकटा असतो. खोलीत चार भिंती एकमेकींसमोर उभ्या असतात. एका गुलाबी भिंतीवरून परतलेला गुलाबी उजेड दुसऱ्या गुलाबी भिंतीवर पडतो आणि रंग आणखी गडद होतो. कोपऱ्यात हे सहज दिसतं. पांढरं छतसुद्धा गुलाबी झाक धरतं. म्हणून चारही भिंतींना गुलाबी द्यायचा असेल, तर कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट आणि थोडी मळकट छटा घ्यावी. कार्डावर ती निस्तेज वाटते, खोलीत नेमकी बसते.

दुसरी बाब दिव्याची. गुलाबी दोन कुळांतले असतात: पिवळ्याकडे झुकणारे, म्हणजे अबोली किंवा पीच, आणि निळ्याकडे झुकणारे, म्हणजे गुलबक्षी किंवा राणी. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या ट्यूबखाली राणी जांभळट दिसतो आणि अबोली मलूल होतो. २७०० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात राणी निवळतो, अबोली मात्र नारिंगीकडे सरकतो.

केल्व्हिन सारखे असूनही दोन एलईडी दिव्यांखाली लाल वेगळा दिसू शकतो. खोक्यावर सीआरआय ८० असं छापलेलं असतं, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. हा आकडा आठ सौम्य रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. ठसठशीत लाल हा नववा नमुना त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे चांगल्या आकड्याच्या स्वस्त दिव्याखालीही कुंकवासारखा लाल विटकरी होऊन बसतो. लाल भिंतीवर खर्च करणार असाल, तर सीआरआय ९० च्या पुढचा दिवा घ्या आणि खोक्यावर आर-९ चा आकडा दिला असेल तर तोही पाहा.

गैरसमज : गडद भिंतींवर पांढरं छत ठेवलं, की खोली उंच दिसते.

वस्तुस्थिती : यात अर्धं तथ्य आहे. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत छत उजळ असेल तर खोली उंच वाटली, आणि भिंती उजळ असतील तरीही उंच वाटली. छत आणि भिंत यांच्यातल्या विरोधाचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे प्रश्न लाल की निळा हा नाही. उजळ की गडद हा आहे. फिकट अबोली तितक्याच फिकट क्रीमइतकीच खोली मोकळी ठेवते. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये चारही भिंती डाळिंबी केल्या, तर उजेड मात्र खरोखर कमी पडतो, कारण गडद लाल भिंत पडलेल्या प्रकाशाचा लहानसा हिस्साच परत करते. अशा खोलीत दिवे वाढवावे लागतात.

गैरसमज : चांगल्या कंपनीचा रंग असला, की दोन हातांत काम होतं.

वस्तुस्थिती : लाल आणि गडद गुलाबी याला अपवाद आहेत. फिकट रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य भरपूर असतं आणि तेच खालची भिंत झाकतं. गडद लालसाठी वापरलेल्या बेसमध्ये ते जवळजवळ नसतं, आणि तेजस्वी लाल देणारी सेंद्रिय रंगद्रव्यं बरीच पारदर्शक असतात. पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारूनही रोलरचे पट्टे दिसत राहिले, तर ती दर वेळी रंगाऱ्याची हयगय नसते. खाली राखाडी झाक दिलेला प्रायमर मारला तर हात वाचतात. तरीही तीन हात गृहीत धरूनच हिशेब करा.

पूर्वीचे काही लाल आणि शेंदरी ऑइलपेंट पटकन झाकत, कारण त्यांत शिशाची संयुगं असत. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर ठेवायला बंदी आहे. जुन्या घराच्या दारा-खिडक्यांवरचा त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. ओला करून घासा, आणि तेवढा वेळ मुलांना खोलीबाहेर ठेवा.

गैरसमज : लाल रंग लवकर विटतोच.

वस्तुस्थिती : कुठला लाल, त्यावर ते ठरतं. गेरूतला लाल म्हणजे लोहाचा ऑक्साइड. तो उन्हाला दाद देत नाही. विटकरी किंवा गेरूकडे झुकणारे गुलाबी त्यापासून बनतात, म्हणून पश्चिमेचं ऊन येणाऱ्या भिंतीवरही ते टिकतात. झगझगीत गुलाबीत सेंद्रिय लाल थोडा आणि पांढरा जास्त असतो. उन्हात तो थोडका लालच आधी उडतो. अशा भिंतीसाठी दुकानात टिंटिंग करणाऱ्याला सरळ विचारा, या शेडमध्ये ऑक्साइड आहे का.

मग निवडायचं कसं? दोन-तीन छटांचे छोटे डबे आणा. भिंतीवर ठिपके काढत बसू नका, आधीचा रंग नजरेला फसवतो. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर प्रायमर आणि दोन हात मारा. ते एकदा खिडकीसमोर आणि एकदा कोपऱ्यात उभे करा. सकाळी पाहा, पण निर्णय रात्री नऊनंतर घ्या, त्या खोलीत रोज लागणार आहे त्याच दिव्याखाली. बेडरूममध्ये जागेपणीचा बराचसा वेळ आपण त्याच उजेडात काढतो. पुठ्ठा त्या वेळी आवडला नाही, तर छटा बदलण्याआधी दिवा बदलून पाहा. वीस लिटर रंगापेक्षा तो फारच स्वस्त पडतो.