विवाहाचा केक : निवड आणि नियोजन

चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्जमधील सेंट मेरीज चर्च १६८० साली उभे राहिले आणि तेव्हापासून तेथे विवाह लागत आले आहेत. ब्रिटिश अमदानीत या शहरात बेकरी व्यवसाय रुजला. १९०३ साली सुरू झालेली मॅक्रेनेट ही त्यांपैकी एक प्रसिद्ध बेकरी. ख्रिस्ती विवाहात अनिवार्य मानला जाणारा केक आता इतरधर्मीयांच्या स्वागतसमारंभांतही दिसू लागला आहे. बहुतेक कुटुंबे त्याची निवड छायाचित्र पाहून करतात. चेन्नईत मात्र पहिला विचार हवामानाचा करणे श्रेयस्कर ठरते.

हवामान आणि केकचा प्रकार

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात विवाह टाळण्याची ख्रिस्ती प्रथा आहे. साहजिकच अनेक विवाह एप्रिल-मे महिन्यांत येतात. त्या दिवसांत चेन्नईचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. लोणी मात्र ३२ ते ३५ अंशांनाच वितळते. त्यामुळे लोण्याच्या किंवा ताज्या सायीच्या आयसिंगचा केक उघड्या मंडपात फार वेळ तग धरत नाही. फुले घसरतात, मजले कलतात. साखरेच्या लगद्याचे फोंडंट उष्णतेत अधिक टिकते. परंतु शीतकपाटातून बाहेर काढताच समुद्रकाठच्या दमट हवेने त्यावर पाणी सुटते.

या हवेत जुना सुकामेव्याचा प्लम केकच अधिक भरवशाचा. मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल इत्यादी जिन्नस कित्येक आठवडे रममध्ये मुरवून तो भाजतात. साखर, सुकामेवा व मद्य यांमुळे तो टिकतो आणि मुरल्यावर अधिक रुचकर लागतो. त्यावर बदामाच्या किंवा काजूच्या मार्झिपानचा थर व वर साखरेचे कडक आयसिंग देतात. पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यासाठी वरचा मजला राखून ठेवण्याची जुनी इंग्रजी चाल अशा केकमुळेच शक्य झाली. स्पंज केकच हवा असल्यास वातानुकूलित सभागृह निवडावे.

वजनाचा हिशेब

प्लम केकचा ५० ग्रॅमचा तुकडा पुरेसा होतो; म्हणजे एक किलोत २० पाहुणे, आणि ३०० पाहुण्यांसाठी १५ किलो. स्पंज केकचा तुकडा साधारण १०० ग्रॅमचा धरल्यास तेवढ्याच पाहुण्यांना ३० किलो लागतो. खर्च आटोक्यात ठेवण्याचा एक मार्ग असा : कापण्यापुरता एकच मजला खरा ठेवावा, बाकीचे थर्माकोलवर आयसिंग चढवून करावेत आणि वाटण्यासाठी साधे चौकोनी केक स्वतंत्र मागवावेत.

पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतील तर अंडे व मद्यविरहित केक वेगळा ठेवून त्यावर ठळक चिठ्ठी लावावी. कडक आयसिंगमध्येही बहुधा अंड्याचा पांढरा बलक असतो, हे ध्यानात ठेवावे.

वेळापत्रक आणि व्यवहार

• तीन महिने आधी : दोन-तीन बेकऱ्यांचे केक चाखून पाहावेत. अन्नसुरक्षा परवाना आहे ना, याची खात्री करावी. नाताळाच्या हंगामात बेकऱ्यांवर कामाचा ताण असतो. जानेवारीतील विवाहासाठी याहूनही आधी सांगावे.

• विसार देताना : वजन, प्रकार, मजल्यांची संख्या, पोहोचवण्याची वेळ आणि रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम पावतीवर लिहून घ्यावी. वाहतूक, जुळणी व स्टँडचे भाडे किमतीत धरले आहे का, हेही विचारावे. रक्कम धनादेशाने वा खात्यातून दिल्यास नोंद राहते.

• एक आठवडा आधी : पाहुण्यांची अंतिम संख्या कळवावी.

• विवाहाच्या दिवशी : मजले सुटे न्यावेत व जागेवरच रचावेत. मेज उन्हापासून व प्रखर दिव्यांपासून दूर असावे. केक स्वीकारण्याची जबाबदारी वधूवरांच्या पालकांवर न टाकता एखाद्या जाणत्या नातलगावर सोपवावी.

असे नियोजन केल्यास ऐन समारंभात केक कलंडण्याची धास्ती राहत नाही आणि दिलेल्या पैशाचे चीज होते.